नागेशअण्णाचं कुलूप

तुम्हीच सांगा, पैसे मोजून घेतलेली वस्तू मित्राला देता येत नसेल, तर ती आपली कशी?

बंगळुरात, बसवनगुडीत माझी आणि शेजारच्या नागेशअण्णाची वीस वर्षं व्हिडिओ गेमच्या डिस्कची देवघेव. शेजारणीचा डबा जसा रिकामा परत करत नाहीत, तशी आम्ही डिस्कची डबीही कधी रिकामी परत केली नाही. माझा क्रिकेटचा गेम गेला, की त्याच डबीतून त्याचा एखादा गेम यायचा.

मग एचएसआर लेआउटमधल्या भाच्याने मला नवा कन्सोल घ्यायला लावला. "मामा, डिस्क कोण वापरतं आता? सगळं डाउनलोड!" म्हणजे डिस्क घालायला फटच नाही.

अण्णा आला. "नवा क्रिकेट दे की."

"देता येत नाही रे."

"विकत घेतलास ना?"

"घेतला."

"मग?"

मग काय! मी कंजूष ठरलो. संतापून अख्खा कन्सोलच उचलून त्याच्या हातात दिला.

आठ दिवसांनी परत आणला, तोंडभर हसत. "रिकामा नाही हं आणला. मोटारींचा गेम घेऊन भरलाय आत."

सुरू करतो, तर गेमवर कुलूप! ज्याने घेतला त्यानेच म्हणे लॉग-इन करायचं. अण्णा पासवर्ड सांगेना. बँकेलाही तोच आहे म्हणे.

म्हणून आता रोज संध्याकाळी तो स्वतः कुलूप काढायला येतो. "स्वल्प थांब, एक फेरी मारून देतो," म्हणतो आणि दोन तास मोटार पळवतो. पूर्वी अण्णाची डिस्क यायची, आता अण्णाच येतो. डिस्कला निदान कॉफी तरी लागत नव्हती!