पहिला धडा मोफत

...आणि वर मलाच विचारतात, "अजून ठरलं नाही?" म्हणजे जसं काही मी कलिंगड घ्यायला गेलेय आणि दोन महिने दुकानात उभी राहून ते वाजवून बघतेय. अहो, कलिंगड परवडलं. घरी आणून कापलं की लाल निघालं का पांढरं ते कळतं, पांढरं निघालं तर चार दिवस टोमणे खायचे आणि विषय मिटला. हे अभ्यासक्रम कापताही येत नाहीत आणि वाजवताही येत नाहीत, उलट तेच आपल्याला वाजवतात. माझं काही म्हणणं नाही, पण ज्याने कोणी लहान मुलांना स्पॅनिश शिकवायचे इतके अभ्यासक्रम काढलेत ना, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा.

मुळापासून सांगते. आमची ठकी आठ वर्षांची, तिला मी घरीच शिकवते. का, असं लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, "आम्हाला जरा वेगळं काही करायचं होतं." खरं कारण असं की शाळेत ती बोलायचीच बंद झाली. घरी चिवचिवाट, आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की दगड. वर्षभर. वर्गशिक्षिकेला विचारायला गेले तर ती म्हणाली, "अगदी गुणी मुलगी हो, त्रास म्हणून नाही." मूल मुकं झालंय आणि ही बाई खूष! आणली घरी. आता बोलते, पण आमच्याशीच. अनोळखी माणूस आला की माझ्या मागे लपते. आणि दाराची घंटा वाजली की मी दचकून तिच्या मागे लपते, त्यामुळे आमच्याकडे दार उघडायला जरा वेळ लागतो.

तर घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी असते. तपासनीस बाई घरी येतात, मुलाला प्रश्न विचारतात, शेरा लिहितात. यंदा नवीन नियम निघाला की एक परकी भाषाही पाहिजे. नवरा म्हणाला, "हे बघ, मी कशाच्या आड येत नाही. पण यंदा शेरा वाईट आला तर ठकी परत शाळेत. तू नीट विचार करून एक चांगला अभ्यासक्रम निवड." एवढं बोलून तो मोबाईलमध्ये शिरला. नीट विचार करून निवड! कोणाला सांगतोय? जी बाई टूथब्रशचा रंग निवडताना दोनदा घाम पुसते, तिला.

आता स्पॅनिशच का? कारण थोरल्या जाऊबाईंचा मुलगा फ्रेंच शिकतो, आणि त्यांच्यासमोर आमची फ्रेंच काढायची माझी टाप नाही. जाऊबाईंना मी मनातल्या मनात मी-तर-बाई म्हणते. "मी तर बाई एका दिवसात ठरवलं. मी तर बाई फार विचारच करत नाही." ते दिसतंच, पण माझं काही म्हणणं नाही.

मी बसले शोधायला. तर काय, प्रत्येक अभ्यासक्रमाला एक जनावर. एकात टोपीवाला पोपट, एकात चष्मा लावलेलं गाढव, एकात गाणारा बेडूक. पोपटवाले म्हणतात व्याकरण शिकवाल तर मुलाचं वाटोळं होईल, गाढववाले म्हणतात व्याकरण नाही शिकवलंत तर वाटोळं होईल, आणि बेडूकवाले म्हणतात आधी आईने शिकायचं, मग मुलाला आपोआप येईल. आपोआप! माझ्याकडून तिला आजवर आपोआप फक्त दचकणं गेलंय. बरं, यांचं आपसात तरी जमावं? 'माझं नाव अमुक' म्हणायला पोपट 'यामो' म्हणतो, गाढव 'ल्यामो' म्हणतं आणि बेडूक चक्क 'शामो'. फोन करून विचारलं तर तिघंही म्हणाले देशागणिक उच्चार वेगळा असतो, आमचंच घ्या, त्या बाकीच्या देशांत तुम्हाला कुठे जायचंय? मला या तिन्हीतल्या कुठल्या देशात जायचंय, हे यांनी कसं ठरवलं?

त्यातल्या पोपटवाल्या मुलाचा फोनवरचा आवाज म्हणजे नुसता पाक. "ताई, तुम्ही घाई करूच नका. पहिला धडा मोफत आहे, मुलीला दाखवा, आवडला तरच पुढे." इतकं सौजन्य! माझ्या सख्ख्या भावाने माझ्याशी असं बोलावं. मग मी पोपटाचा पहिला धडा दाखवला. ठकी हसली. पण म्हटलं, गाढव बघितल्याशिवाय कसं ठरवायचं? गाढवाचा पहिला धडा. मग बेडूक. मग एक घुबड, एक सुसर, आणि एक कोण होतं ते शेवटपर्यंत कळलंच नाही, पण त्याला शेपूट होती. रोज सकाळी ठकी विचारायची, "आई, आज नवीन कोण?" आणि ऐटीत खुर्चीवर बसून त्या जनावराला 'ओला' म्हणून नमस्कार-चमत्कार करायची. नवरा विचारायचा, "कुठवर आलं?" मी म्हणायचे, "चालू आहे." चालूच होतं की, रोज.

परवा सकाळी तो पाक-आवाजवाला फोनवर म्हणाला, "ताई, दोन महिन्यांत मुलीचे चार-पाच डझन धडे झाले असते हो." आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण धडे तेवढे झालेच होते. फक्त सगळे पहिले.

माझं काही म्हणणं नाही, पण त्याच क्षणी घंटा वाजावी? पुढच्या आठवड्यात येणार होत्या त्या तपासनीस बाई दारात! "याच बाजूला काम होतं, म्हटलं उरकून टाकावं." माझ्या मुलीचं आयुष्य काय भांडी आहेत उरकायला? हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "या ना, बसा."

बाई बसल्या, पेन काढलं. "काय गं, नाव काय तुझं?" ठकी माझ्या मागे. "कितवं वर्ष तुला?" ठकी माझ्या ओढणीत. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मला शाळेचं फाटकच दिसायला लागलं हो. बाई म्हणाल्या, "बरं, परकी भाषा काय घेतलीय?" मी कसंबसं म्हटलं, "स्पॅनिश."

"ओला," बाई म्हणाल्या.

आणि ठकी ओढणीतून बाहेर. कशी येणार नाही? दोन महिने रोज एक नवीन प्राणी तिला हेच म्हणतोय, हाही एक. तिने बाईंना स्पॅनिशमध्ये नाव सांगितलं, वय सांगितलं, दहापर्यंत आकडे, सगळे रंग, वर 'तुमचं नाव काय' म्हणून विचारलंसुद्धा. मग निरोप घेतला. मी श्वास सोडणार तोच ही पुन्हा "ओला!" आता गाढवाचं. मग बेडकाचं, गाण्यासकट. मी तिला डोळ्यांनी दाबतेय, पण आता ही थांबते कसली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता संपलं, म्हटलं. तर बाई लाजून म्हणाल्या, "आम्हालाही यंदा शिकायला सांगितलंय हो. नियम आला ना. मला अजून निवडताच येत नाहीये, पहिलेच धडे बघतेय. ते घुबड कसं वाटलं तुम्हाला?"

शेरा काय दिला माहितीये? 'संभाषण धीट. पाया अतिशय पक्का. पुढील वर्षी पुढचा भाग पाहू.'

नवरा म्हणाला, "बघ, नीट विचार केलास की जमतं तुला." संध्याकाळी मी-तर-बाईंचा फोन. "मी तर बाई ऐकलं, ठकी अनोळखी बाईंशी फाडफाड बोलली? आमचा तर तोंड उघडत नाही. कुठला घेतलास गं?" आता काय सांगू? म्हटलं, अजून ठरलं नाही. तर म्हणतात, "लपवतेस होय."

आता मात्र निवडायचाच, दुसरा धडा आणायचाच, असं ठरवून आज सकाळी पाक-आवाजवाल्याला फोन लावला. तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ताई, बरं झालं तुम्हीच केलात! नवीन उंट आलाय आपल्याकडे, पहिला धडा मोफत." मी नाही म्हणणार होते, खरंच. पण मागे बघते तर ठकी खुर्ची ओढून, केस नीट करून, उंटाला नाव सांगायला बसलीसुद्धा.

लावला उंट. माझं काही म्हणणं नाही.