चिठ्ठी नसलेल्या दोनशे चौदा बाटल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सरचिटणीस, माननीय साहेब. व्यासपीठावर विराजमान प्राचार्य सर. आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या विभागप्रमुख डॉ. योगिनी खैरनार मॅडम. सर्व प्राध्यापकवर्ग, विद्यार्थी मित्रमैत्रिणी, आणि पेठकडच्या डोंगरातून पहाटेच्या एसटीने आलेल्या, तिसऱ्या रांगेत बसलेल्या भागीबाई गावित, सर्वांना माझा नमस्कार.

मी सोमनाथ काकड, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी मला तीन मिनिटं दिलीत आणि वर बजावलंय, "सोमनाथभाऊ, चांगलं चांगलंच बोला हं." प्रयत्न करतो. पण आज माझा जीव थाऱ्यावर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मॅडमविषयी काय बोलावं? सव्वीस वर्षं त्यांनी डोंगरातले खेकडे गोळा केले. तुम्ही हसताय. अहो, मीही हसायचो! आमची मंडळी म्हणायची, "एवढे खेकडे आणता, एकदा रस्सा तरी करा की." पण एकदा ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून मॅडमनी मला समजावलं. समुद्रातली खेकडी पिल्लं पाण्यात सोडून देते, ती लाटांबरोबर कुठेही जातात. डोंगरातली खेकडी तसं करत नाही. ती पिल्लं पोटाखाली धरून बसते, आणि मोठी झाली तरी ती त्याच ओढ्यात राहतात. हजारो वर्षं असं चाललं म्हणून या ओढ्याचा खेकडा वेगळा आणि पलीकडच्या खोऱ्यातला वेगळा. मॅडम म्हणाल्या, "सोमनाथ, ओढा बुजला की त्याचा खेकडा जगातून गेला."

असे एक्केचाळीस ओढे आणि दोनशे चौदा बाटल्या. प्रत्येक बाटलीत स्पिरिट, खेकडा, आणि आत बुडवलेली एक चिठ्ठी. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. त्या चिठ्ठीवर मॅडमच्या वहीतला नंबर. वहीत तो नंबर काढला की ओढा कळणार.

आता मूळ गोष्टीवर येतो. तेजस्विनी मॅडम, घड्याळ दाखवू नका, हात जोडतो.

गेल्या वर्षी तपासणी समिती येणार होती. लॅब चकाचक करा, असा निरोप आला. मॅडम गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होत्या. मी बाटल्या पाहिल्या. आतल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, कडा फाटलेल्या. मला वाटलं, किती घाण दिसतंय हे. मी एकेक चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढली, कचऱ्यात टाकली, आणि बाटल्यांवर बाहेरून छापील स्टिकर लावले. एक, दोन, तीन, सरळ दोनशे चौदापर्यंत. माझे नंबर! समितीने कौतुक केलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मॅडम परतल्या आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या. मग प्राचार्य सरांना म्हणाल्या, "चिठ्ठ्यांना बुरशी लागली होती, मीच काढल्या." सर, ते खोटं होतं. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. वर्षभर गप्प राहिलो. आज माझी लाज मीच चव्हाट्यावर मांडतोय.

कारण ज्या संग्रहालयात हे खेकडे जायचे होते त्यांचं पत्र आलंय की ठिकाण नसलेला नमुना आम्ही घेत नाही. आणि आपल्या संस्थेचा आदेश निघालाय की खोली संगणक कक्षाला हवी, शनिवारी बाटल्या रिकाम्या करा. आदेशावर नाव कोणाचं? माझंच.

भागीबाईंना मी का बोलावलं, तेही सांगतो. त्यांच्या घरामागच्या ओढ्यातली एक खेकडी त्यांनीच मॅडमना धरून दिली होती, पोटाखाली पिल्लं असलेली. तसा खेकडा मॅडमना दुसरीकडे कुठेच सापडला नाही. पुढे घाटरस्त्याच्या सुरुंगांनी तो ओढा दगडमातीने बुजला. आज सकाळी मी भागीबाईंना कपाटासमोर बसवलं. पिल्लंवाल्या बाटल्याच एकोणीस निघाल्या. दोन तास त्या एकेक बाटली उजेडात धरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाय वळखू येत, बाबा. आमची तांबडी व्हती. हे समदे पांढरे पडले." तिथेच मला रडू फुटलं.

साहेब, मी बारावी नापास माणूस. पण रडता रडता एक सुचलं. चुकत असेन तर मॅडमनी मान हलवून नाही म्हणावं. प्रत्येक ओढ्याचा खेकडा वेगळा आहे ना? ओढ्यांची नावं वहीत आहेत ना? मग मी पुन्हा जातो. चाळीस ओढ्यांतून ताजा खेकडा आणतो आणि बाटल्यांशी ताडून बघू. डोळ्यांनी जमलं नाही तर रक्तामांसाची तपासणी करता येते. स्पिरिटमध्ये ते टिकतं, हे मॅडमनीच शिकवलंय. दोन पावसाळे लागतील. मॅडमचे गुडघे चालणार नाहीत, माझे चालतात. आणि जी बाटली कुठल्याच ओढ्याशी जुळणार नाही, ती भागीबाईंची.

मॅडम खाली बघतायत. नाही म्हणत नाहीयेत.

संग्रहालय हे मानेल का? देव जाणे. पण बाटल्या ओतल्या तर विचारायलाही काही उरणार नाही. एक खोली द्या हो कोणीतरी! अंबडला शेड असेल, देवळालीला गॅरेज असेल, काहीही चालेल. नाहीतर आदेशावरचं माझं नाव खोडा, शनिवारी माझा हात त्या बाटल्यांना लागणार नाही. एकदा लागला तेवढा पुरे झाला.

तीन मिनिटांची बारा केली, तरी आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. जाताना म्हणायची रीत आहे की बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घ्यावं. बोलण्याचं राहू द्या. मॅडम, त्या चिठ्ठ्या मी टाकल्या. तेवढं पोटात घ्या.