'त'चा 'ल'

...अहो नाही, नाही, अभिनंदन नका करू! हात जोडतो. तुम्हीही तोच लेख वाचलात ना? मग तो मी लिहिलेलाच नाही! म्हणजे... लिहिला मीच, सव्वीस वर्षं पेपरात अर्थकारणावर मीच लिहितोय, पण त्यात एक अक्षर... एकच अक्षर हो!

तुम्हाला सांगतो, मी लिहिलं होतं 'तूट'. सरकारची जमा कमी, खर्च जास्त, मधली ती तूट. किती गरीब शब्द! इतकी वर्षं लिहितोय, कुणाला साधी शिंक आली नाही. बायको तर पहिल्या वाक्याला चष्मा लावते आणि दुसऱ्याला घोरते. आणि त्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात, पेपर उघडतो तर काय... 'सरकारची लूट यंदाही वाढली!' पुढे, 'लूट आटोक्यात ठेवण्याचं उद्दिष्ट मंत्र्यांना याही वर्षी गाठता आलं नाही!' जिथे म्हणून तूट, तिथे लूट! चहा सगळा मांडीवर, आणि भाजल्याचंसुद्धा कळलं नाही मला! 'ध'चा 'मा' ऐकून होतो, इथे 'त'चा 'ल'!

तसाच धावत ऑफिसात. आमच्या प्रूफं वाचणाऱ्या बाई शांतपणे चष्मा पुसतायत. म्हटलं, "बाई, हे काय केलंत?" तर म्हणतात, "काय म्हणजे? 'सरकारची' म्हटल्यावर पुढे 'तूट' कशी येईल? मला वाटलं, घाईत तुमचं बोट चुकलं. म्हणून सुधारलं. आभार नकोत हं, कामच आहे माझं ते." आभार!!

तेवढ्यात संपादकांचं बोलावणं. संपलं, म्हटलं! निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, मुलीचं शिक्षण व्हायचंय, आणि पेपर चालतो सरकारी जाहिरातींवर. आत गेलो, तर संपादक उठून मिठी मारतायत! "अरे, इतकी वर्षं हा वाघ कुठे दडला होता?" साहेब, वाघ नाही हो, छपाईची चूक आहे! "बघा, वर विनोदही करतो!"

मग मीही हट्टाला पेटलो. दुरुस्ती छापा! मला शब्दाची चाड आहे हो, एक आकडा चुकला तर घास गिळवत नाही मला. छापली. दुसऱ्या दिवशी वाचतो... 'कालच्या अर्थविषयक लेखात "लूट" असा शब्द पडला आहे. तो कृपया "लूट" असा वाचावा.' घ्या! बाईंनी पुन्हा सुधारलं होतं! आणि लोक? "दुरुस्तीतसुद्धा माघार नाही, याला म्हणतात छाती!" कसली छाती? धडधडत होती नुसती!

आणि मग आला मंत्र्यांच्या कचेरीतून फोन. मी आधी खुर्ची शोधली. पलीकडून एकदम थंड आवाज, "लेख आम्ही बारकाईनं तपासला. आकडे सगळे बरोबर आहेत. आमची काही हरकत नाही." हरकत नाही?! अहो, निदान त्यांना तरी वाक्य खटकावं की नाही? एकच अक्षर हो, आणि सबंध देशात ते फक्त मला चुकीचं वाटतंय!

बरं, इथेच थांबलं का? आठ वर्षांपूर्वी माझं पुस्तक आलं होतं, 'तुटीचं अर्थकारण'. रक्त आटवलं होतं त्यात. सात प्रती खपल्या. चार सासऱ्यांनी घेतल्या, तीन मी. आता आमच्याच पेपरचा पुस्तक विभाग म्हणतो, नवी आवृत्ती काढू, पाच हजार प्रती, नाव फक्त 'लुटीचं अर्थकारण'. "एकच अक्षर तर बदलायचंय, सर!" म्हटलं, जीव गेला तरी नाही! तर बायको म्हणते कशी, "अहो, आत काना-मात्रासुद्धा बदलत नाहीये. आपलं पुस्तक लोकांनी वाचावं, असं वाटत नाही का तुम्हाला?"

...वाटतं हो. फार वाटतं. सव्वीस वर्षं तेवढंच वाटतंय.

दिला होकार. सोडलं तत्त्व. म्हटलं, तूट काय नि लूट काय, एकदा वाचू तर दे कुणाला!

प्रकाशनाचा दिवस. सभागृह खच्चून भरलेलं, सासरे पहिल्या रांगेत. संपादकांनी कागद फाडला, पुस्तक उंच धरलं... आणि मुखपृष्ठावर, ठसठशीत अक्षरांत... 'तुटीचं अर्थकारण'!

मागच्या रांगेतून प्रूफवाल्या बाई उठल्या. डोळ्यांत पाणी. "सर, त्या दिवशी किती दुखावला होतात तुम्ही! मला फार लागलं हो ते. म्हणून या वेळी छापायला जाता जाता मी जातीनं लक्ष घातलं. एकाही प्रतीवर लूट राहू दिली नाही."

आभार मानले त्यांचे!

आता न खपलेल्या पाच हजार प्रती घरात आहेत. पलंगाखाली, कपाटावर, न्हाणीघराच्या दाराशी. सासऱ्यांना म्हटलं, एखादी घ्या, तर म्हणाले, "माझ्याकडे चार आहेत." तुम्ही घेता का एक? पैसे नकोत. वर पेनही देतो... अक्षर तुमचं तुम्ही घाला!