मराकेशच्या बाजारात एक कांदा

...नाही, पण तुम्हीच सांगा, कांद्यात एवढं काय आहे? आपण अलेक्झांड्रियाची माणसं, आपल्याकडे आधी कांदा परततात आणि मग ठरवतात आज काय करायचं! मी फक्त एक कांदा मागितला होता हो. एक!

तुम्हाला सांगतो, मुलगी नेव्हीन मराकेशला दिलीय, लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो, आणि दुसऱ्याच सकाळी व्याही हाजी बूशैब मातीचं मडकं काखेत मारून दारात उभे. "चला व्याहीबुवा, आज तंजिया, आमचं मडक्यातलं मांस! बायकांना सुट्टी, पुरुषांचा स्वयंपाक, आणि आजचं मडकं तुमच्या हातचं!" माझ्या हातचं म्हणजे काय, तर गल्लीतले सगळे म्हातारे संध्याकाळी ते खाणार आणि सून कसल्या घरातली आणली ते ठरवणार! नेव्हीनने निघताना माझी बाही धरली. "बाबा, हात जोडते, खाटीक घालेल ते घालू द्या. माझी इज्जत तुमच्या हातात आहे."

हातात कसली, तोंडात होती!

आणि बाजार काय सांगू... मागून गाढव ढकलतंय, "सरका, सरका!", एकजण तोंडात खजूर कोंबतोय, नको म्हणायला तोंड उघडावं तर दुसरा ऑलिव्ह कोंबतोय, मी आपला खुशीत! अल्लाल खाटकाने मडक्यात मांस घातलं, लसूण, जिरं, केशर, खारवलेलं लिंबू, जुनं तूप... इथवर सगळं ठीक होतं. मग मी म्हणालो, "आणि कांदा?"

सुरा हवेत थांबला. गाढवसुद्धा थांबलं, खोटं नाही सांगत!

"तंजियात? कांदा?" अल्लाल असा बघतोय, जणू मी त्यात माझी चप्पल घालायला सांगितली! समोरून लिंबूवाली म्हातारी ओरडते, "अहो हाजी, पाहुण्यांना ऊन लागलंय, सावलीत बसवा!" मसालेवाला म्हणतो, "इजिप्तचे आहेत, जाऊ द्या, त्यांना माफ आहे!" अरे, पण मी फक्त एक कांदा मागितला होता ना!

आता गंमत बघा. तिथे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. जीव जाईल, पण नाही म्हणणार नाहीत! हाजींचा चेहरा उतरला, तरी स्वतः गेले, आणि कांदा रुमालात गुंडाळून आणला, चोरीचा माल आणावा तसा! "घाल रे अल्लाल. पाहुण्यांची इच्छा." अल्लालने डोळे मिटले. "अल्ला, तू बघतोयस. हे मी केलेलं नाही."

मडक्याला कागद बांधला, हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीवर गेलो, तिथल्या गरम राखेत मडकं पुरतात ना... तर बातमी आमच्या आधी हजर! भट्टीवाला जिलाली म्हणतो, "कांद्याचं ना? ते तिकडे, कोपऱ्यात. बाकीच्या मडक्यांना वास लागायला नको." मडकं वाळीत टाकलं हो! एका कांद्यापायी!

संध्याकाळी हाजींच्या अंगणात म्हातारे गोल बसले, परातीत मडकं उपडं केलं. नेव्हीन चहाचं तबक घेऊन दारात, पांढरीफटक. पहिला घास... दुसरा... तिसऱ्याला एकाने बोटं चाटली, मी बघतोय म्हटल्यावर मिशा पुसायला लागला! रोटीने परात अशी पुसली की घासायची गरज नाही. मी भीतभीत विचारलं, "कसं झालंय?"

"पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून खाल्लं," त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला.

"सगळं?"

"तुमचं मन मोठं आहे!"

आणि हाजी उठले, मला कडकडून मिठी मारली. "व्याहीबुवा, आजपासून तुम्ही पाहुणे नाही! आजपासून घरचे!" सगळ्यांनी माना डोलावल्या, मी असा फुगलो! आत जाऊन नेव्हीनला म्हणालो, "बघितलंस? बापाने इज्जत राखली की नाही?"

"राखली बाबा, मानलं तुम्हाला," ती हसतहसत म्हणाली. "पण कळलं का काय झालं ते? पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. घरच्या माणसाला म्हणता येतं."

त्यानंतर आठवडाभर राहिलो. पुढ्यात येईल ते खाल्लं. घरच्या माणसाला कोण विचारतंय हो!