चाळीस कोप्या आणि माझा आवाज

...मी बोललोच नाही हो! आधीच माफी मागतो, हे सगळं वहीत लिहून आणलंय आणि त्यात बघूनच वाचतोय, कारण माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि वहीत ऱ्हस्व-दीर्घाचा पार चिखल झालाय, शब्दही साधेच, आठवीत असताना आई-दादांबरोबर ऊस तोडायला गेलो तो शाळेत परत आलोच नाही... तुम्हाला ऐकताना चुका दिसायच्या नाहीत म्हणा, पण मला दिसतायत ना! तर आख्खं गाव म्हणतंय, आदिनाथ काय बोलला, आदिनाथ काय बोलला! आणि तुम्हाला सांगतो, मी बोललोच नाही!

झालं असं, आमच्या सत्यशीलाताई सरपंचपदाला उभ्या. त्यांचं एकच वचन. दिवाळीनंतर गाव ऊसतोडीला निघालं की पोरांनी मागं राहून शाळा शिकायची, त्यासाठी गावात वसतिगृह. मला दुसरं काय पाहिजे? माझ्यासारखा आणखी एक आठवीवाला नको, एवढंच. पण ज्यांच्या पोरांसाठी हे सगळं, त्यांची एकशेचाळीस मतं पार पुणतांब्याकडं, गोदावरीकाठच्या उसात! ती आली तर ताई, नाही आली तर आणखी पाच वर्षं पोरं उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत.

दोन वर्षं मी घरोघर फिरलो. फिरलो म्हणजे काय, उंबऱ्यावर बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं, आणि घरी येऊन वहीत लिहायचं. मालनमावशी, पाठ दुखते. सूर्यभानमामा मुकादम, थोरल्या पोरीला शिकायचंय. दादा, डावा गुडघा... दादा म्हणजे माझे वडील. गेले ते, दोन पावसाळे झाले. त्यांचा फोन आता आईकडं असतो, पण वहीत नाव तसंच, नंबर तसाच. खोडायला पेनाचं टोपण काढायचो आणि परत लावायचो.

मग ताईंचे जावई आले, कल्याणराव, पुण्यात कॉम्प्युटरवर असतात. ‘आदिनाथ, तुमची वही म्हणजे सोनं आहे हो सोनं! पाच मिनिटं वाचून दाखवा बरं यात.’ मोबाईल धरला तोंडापुढं, मी वाचलं, त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढले. तेवढंच! ते म्हणाले, ‘झालं. आता सगळ्यांना फोन तुम्हीच करणार, एकाच वेळी, आणि समोरचा जे बोलेल त्याला उत्तरही देणार.’ मी? मला हॉटेलात दुसऱ्यांदा पाणी मागायची लाज वाटते! ‘तुम्ही नाही हो,’ म्हणाले, ‘तुमचा आवाज. कॉम्प्युटर काढेल तो.’ आता तुम्हीच सांगा, माझा आवाज माझ्याशिवाय जाऊन जाऊन जाणार कुठं?

गेला की!

मतदानाच्या आदल्या दिवशी मी टेम्पो घेऊन त्यांच्या तळावर पोचलो. टळटळीत दुपार, माणसं फडातून भाकरीला आलेली, ओळीनं चाळीस कोप्या... आणि पहिल्या कोपीतून मी बोललो. ‘मालनमावशी, पाठ कशी हाय गं?’ मी जागच्या जागी थांबलो. तोंड मिटलेलं होतं, हातानं चाचपून बघितलं! दुसऱ्या कोपीतून मी खोकलो. तिसरीतून हसलो, आणि असा मी हसतच नाही! मग एकेक करत सगळ्या कोप्या, कुणाचा गुडघा, कुणाचा बैल, कुणाची बाळंतीण लेक... चाळीस ठिकाणी मी, मग वाटेवर उभा होता तो कोण? बैलांनी उसाचे वाढे चघळायचं थांबवलं. एक कुत्रं कोपीकडं बघायचं, माझ्याकडं बघायचं, आणि शेपूट घालून माझ्यापासूनच मागं सरकलं.

मालनमावशी बाहेर आली, फोन कानाला. म्हटलं, ‘मावशी, म... मी...’ तिनं हात वर केला. ‘गप रं जरा! आदिनाथसंगं बोलतीय न्हवं का!’ अहो, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली!

मुकादमानं सुट्टी दिल्याशिवाय तळ हलत नाही, म्हणून सूर्यभानमामांकडं गेलो. ‘मामा, उद्या... एक दिवस... मतदान...’

‘काय तोंडातल्या तोंडात? उद्या गाड्या रिकाम्या ऱ्हायल्या तर कारखान्याला तू जाऊन सांगतो का?’

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला. माझाच आवाज, पण असा सरळ, असा गोड! ‘मामा, थोरलीला शिकायचंय न्हवं? वसतिगृहात पयलं नाव तिचं. एक दिवस सोडा.’ मामा गार! ‘बग,’ मला म्हणाले, ‘असं बोलत असत्यात.’ पहिलं नाव? असं ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं! मी तर बोललोच नाही!

आई अजून तोडीला जाते, ती शेवटच्या कोपीत. दाराशी पोचलो तर तिची पाठ माझ्याकडं, फोन मांडीवर.

‘दादा, डावा गुडघा कसा हाय?’ मीच विचारत होतो.

आणि आई काय म्हणावी? ‘बरा हाय म्हनत्यात. सकाळी शेकला.’

‘मग उद्या दादांना टेम्पोत पुढं बसवा.’

‘बसवते.’

 हाक मारायची होती. मी बोललोच नाही.

सकाळी टेम्पो निघाले. आई ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसली, एका माणसाची जागा मोकळी सोडून. मागं माणसं चेंगरून उभी, पण तिथं कुणी बसलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मोजणी झाली, ताई अकरा मतांनी आल्या! गुलाल उधळायच्या आधीच सूर्यभानमामांचा निरोप, ‘पोरगी धाडतो, पयलं नाव.’ ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी गुलालाकडं बघितलं. मग म्हटलं निदान आभार तरी आपल्या तोंडानं मानू, तर दारोदार तेच, ‘आरं, मघाशीच तर फोन केलास की!’

संध्याकाळी मीच तळावर परतलेल्या आईला फोन लावला. खरा मी. म्हटलं, आई, वहीतून दादांचा नंबर खोडतो.  ती म्हणाली, ‘खोडू नगं. दोन वर्सांत तू एकदा तरी दादांचं नाव काढलं का? फोनवरचा त्यो इचारतो.’

मी काढलेलं टोपण पेनाला परत लावलं. 

दुसऱ्या दिवशी उजाडताच कल्याणरावांकडं गेलो, ‘ते बंद करा’ हे तीन शब्द वाटेभर घोकत. ते बॅग भरत होते. ‘बरं झालं आलात,’ म्हणाले, ‘निवडणूक संपली, सगळं बंदच करतोय. काही राहिलं का?’

आणि तुम्हाला सांगतो, जीभ टाळूपासून आपोआप सुटली. ‘एक नंबर चालू ठेवा,’ आवाज आला, ‘दादांचा.’

कुणाचा आवाज? गळ्याला हात लावून बघितलं. हलत होता. आख्ख्या निवडणुकीत एवढं मात्र मीच बोललो.