बाबांच्या गाडीचे नऊ डबे

हॅलो?… हो, मीच. बोल, आई… नाही गं, धापा कसल्या? गॅरेजमध्ये आहे… आवाज येणारच, लोखंड आहे ते. दादा निघाला का तिथून?… अजून जेवतोय. बरं… पाचपर्यंत टेम्पो घेऊन पोचेल म्हणतेस. येऊ दे की. मी कुठे अडवतेय?

काय करतेय म्हणजे? त्याची गाडी तयार ठेवतेय… पुसत नाहीये. खोलतेय.

खोलतेय, आई. पाना लावून. पुढचं चाक निघालं, टाकी उतरवली, आता इंजिनाचं वरचं झाकण सोडवतेय… अगं ऐक ना… ऐक तर आधी.

बाबा गेल्यावर दादानं ही मोटरसायकल मोठ्या हौसेनं खोलली होती, आठवतं? आठवड्यात कंटाळला आणि गेला निघून. मागे काय ठेवलं? नऊ डबे आणि एक पोतं. डब्यांत नटबोल्ट, पोत्यात इंजिन, इंजिनात झुरळं… हो, तूच म्हणालीस भंगारात दे. मग भंगारात का नाही गेलं?… हं. माझ्यामुळे, म्हण की. तेवढं म्हणायला काय जातं?

चार वर्षं लागली मला ती जोडायला… टोमणा नाही, हिशेबही नाही. घडलं ते सांगतेय. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी, घरी आले की इथे. नखं अशी काळी की गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, आधी हात धुवा, मग गोळ्या द्या. लेथवाला म्हणाला, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, तुम्हाला नाही कळायचं. पहिल्यांदा पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्या, तर धुरानं शेजारीण भांडायला आली. पुन्हा सगळं खोललं. चाकाचे छत्तीस स्पोक तीनदा ताणले, तरी चाक वाकडंच फिरायचं. किक उलटी आली आणि नडगी सुजली, तेव्हा शेकत कोण बसलं होतं? तूच ना?

मग झालं तर. तुझ्याइतकं कुणीच बघितलेलं नाही.

…मालकीचं नाही म्हणत मी. दादाच्या नावावर करायच्या कागदावर सही केलीस, केलीस. मुलीची जात, गाडी घेऊन काय करणार… तू म्हणालीस तसं, वहिनीसमोर… बरं, नसशील म्हणाली. मीच हवेतून ऐकलं. पण मी भांडले का तेव्हा? चेनला तेल दिलं, टाकी चकचकीत केली, चावी काढून ठेवली. कालपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप होतं.

काल वहिनीनं फोटो पाठवला. कौतुकानं. परवाच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडीपुढे ठेवायचा फलक… तू बघितलास? मग वाचलास का नीट? मालक आणि कारागीर. दोन्हीपुढे दादाचं एकट्याचं नाव. मालक तर मालक, मी सोडून दिलं. कारागीर कोण, आई?

…छापणाऱ्याची चूक कशी? छापणाऱ्याला काय स्वप्न पडलं होतं? अगं, त्याला ती स्टँडवर लावता येत नाही. मागच्या खेपेला माझ्या पायावर घातलीन.

…हो, रागच आहे. भाऊ आहे म्हणून तर आहे. परका असता तर चारचौघांत कार्बोरेटर हातात दिला असता, म्हटलं असतं, बसव. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या ते ओढायच्या, वर सांगायचं, दळणही मीच दळलं.

थांब, हा बोल्ट हटून बसलाय… हं. सुटला.

नाही, मोडत काहीच नाहीये. ओरखडा पडणार नाही एवढासुद्धा. एकेक भाग पुसून, डब्यावर चिठ्ठी लावून देतेय. त्यानं तेवढंही केलं नव्हतं. टाकून गेला होता तशीच परत मिळेल. होऊ दे कारागीर.

…लोकांना काय सांगायचं? मला काय विचारतेस, त्याला विचार…

आई. आई, रडू नकोस. बघ, पाना खाली ठेवला. थांबले मी. ऐक आता. तो टेम्पोत बसून इथे येईपर्यंत मी ती परत उभी करीन. करीन गं, माझ्या हातची आहे, अंधारातसुद्धा जोडीन. मला गाडी नको. फलकावर नावही नको. तो तुझ्या समोरच बसलाय ना? त्याला एवढंच सांग, गाडी तिनं बांधली, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि त्यानं हो म्हणावं. एक शब्द.

नंतर नाही, आत्ता… मस्करी नाही करत. तू सांग. मी ऐकतेय.

…आहे मी. लाइनवर आहे.

…

ऐकलं. सगळं ऐकू आलं… नाही, चांगलं सांगितलंस. आवाज का कापत होता एवढा? तुझाच मुलगा आहे तो.

काय म्हणाला?… मला हसल्यासारखं वाटलं… हसलाच. आणि?

…भात वाढ म्हणाला.

…

वाढलास?

…नाही, चिडले नाही. तू बोललीस, ते राहील माझ्याजवळ… नाही, आई. तो हो म्हणाला नाही. पुढे काय सांगू नकोस आता. जेव तू पण… ठेव. गिअरबॉक्स खोलायचा राहिलाय, त्याला दोन्ही हात लागतात.