गाडीचं माहेर बोनकोडे

नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या गाडीची चावी मागायला कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन जातं का? मी गेलोय. एकदा नाही, तीनदा... नको, खुर्ची नको, उभ्यानंच सांगतो, बसलं की जास्त तळमळ होते.

तर आम्ही राहतो कोपरखैरण्याला. आमचे आबा, म्हणजे वडील, तीस वर्षं मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या त्यांनी, आता घरी असतात, आणि त्यांचं एकच म्हणणं, "यंदा जत्रंला गावात आपल्या गाडीनं जायाचं. साऱ्यांनी. एका गाडीत." सारे म्हणजे किती? आबा, आई, मी, बायको उज्वला, दोन पोरी. सहा. आणि मी पावण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मला सहा माणसांची गाडी कुठली परवडायला? पण सापडली हो! इथंच, बोनकोड्यात, घरापासून चालत दहा मिनिटं, सिताराम पाटलांच्या पेंढ्याच्या खोलीत. एकसष्ट सालची विलायती स्टेशन वॅगन, ती मागं सामानाला लांबलचक जागा असते ना, तसली. क्रीम रंग, खाली हिरवा पट्टा, छत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही. आतलं घड्याळ चालू. सीटवर प्लास्टिक. मी विचारलं, "काका, चालवायचात की नाही?" तर म्हणतात, "चालवाची ना. पन पानी परला का भायेर नाय काढली कदी. सर्दी होते."

कुणाला, ते मी विचारलं नाही.

पाटलांना पाच मुलगे, लेक नाही, सगळी माया या गाडीवर. ती खोली पाडून तिथं बिल्डिंग होणार, ठेवायला जागा नाही, म्हणून विकायची. व्यवहार झाला, चावी हातात आली, मी आत बसणार, तेवढ्यात त्यांच्या मंडळी चांगुणाबाई नारळ, तांदूळ, खण घेऊन आल्या आणि बॉनेटवर ओटी भरली. ओटी. गाडीची. डोळ्याला पदर. "पोर हाय आमची, संभाला तिला." आता अशा वेळी माणसानं मान हलवावी आणि गाडी काढावी की नाही? पण मला ते रडणं बघवेना. मी म्हणालो, "काकू, काळजी नको, सून म्हणून नेतोय."

संपलं. बोलून बसलो ना मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेल. पाटील. "काय नाय, निजली का बरी, ते बघाला आलो." तिसऱ्या दिवशी परत. टायर चाचपले, काचेवर बोट फिरवलं, माझ्याकडं असं बघितलं की मी बनियनवर फडकं घेऊन पुसायला लागलो. संक्रांतीला तर दोघं वाजतगाजतच आली म्हणा, नव्या सुनेला पहिल्या सणाला काळी साडी लागते, तर यांनी शिवून आणलेलं काळं कव्हर, वर हलव्याचे दागिने! आख्खी सोसायटी गॅलरीत. उज्वला म्हणते, "माझ्या संक्रांतीला तुम्ही ब्लाउजपीस दिला होता." म्हटलं, बाई, आता तू नको सुरू होऊस. काय करू, बोलून बसलोय.

मग शिमगा. "पयला शिमगा माहेरी," पाटील म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. मी पण दिली. कशी नाही म्हणणार? ती शिमग्याला गेली, पाडवा झाला तरी येईना. पेढे घेऊन गेलो, तर "रवू दे चार दिस, सुकलीय." गाडी सुकते? परत गेलो, तर "आज वार बरा नाय." इकडं आबा रोज खिडकीत. नुसते रस्त्याकडं बघतात, आणि मला जेवण जात नाही. या पाठीनं आयुष्यभर ओझं वाहिलं, आणि तिला एक दिवस मऊ सीटला टेकायचंय, एवढंच तर मागितलं होतं त्यांनी! जत्रेच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा गेलो आणि हात जोडले, "काका, उद्या पाठवाच."

"धाडतू ना," पाटील म्हणाले. "पन पोर पयल्यांदा सासरच्या गावाला जाते, सोबत कोन तरी पायजे."

पहाटे गाडी दारात. स्टिअरिंगवर पाटील. शेजारी आबा, नवा फेटा. आबांच्या शेजारी पाटलांचे थोरले भाऊ. मागच्या सीटवर चांगुणाबाई, आई, उज्वला, मांडीवर दोन्ही पोरी. मी म्हटलं, मी मागं सामानात बसतो. सामानात पाच पाट्या! तांदळाच्या पापडांच्या, लाडवांच्या, शिदोरी म्हणे. आबांनी काच खाली केली आणि म्हणाले, "तू यष्टीनं ये की रं."

आलो. वाशी नाक्यावरून सातारा, उभ्यानं. गाव दुपारी गाठलं. उज्वला सांगते, आबांनी वेशीत गाडी थांबवू दिली नाही, देवळाला तीन चकरा मारायला लावल्या, हात बाहेर काढून एकेकाला नावानं हाक मारत होते, आणि उतरले तेव्हा रडत होते. ते मला बघायला मिळालं नाही. खुपतं हो अजून... जाऊ दे.

मांडवात गेलो तर पाटील लोडाला टेकलेले, आबा सगळ्यांना सांगतायत, "हे आमचे व्याही." मला बघितलं आणि म्हणाले, "आलास? जा, व्याह्यांना च्या सांग."

तीन बहिणींची लग्नं केली मी. तिन्ही मांडवांत मुलीकडचा म्हणून चहाचे ट्रे फिरवले. जन्मात एकदा मुलाकडचा झालो... आणि गेलो चहा आणायला.